लाल बटण मी दाबत नाही

रविवार, ४ मे
सगळ्यात आधी कोण उगवली, तर फ्राउ होफर. इथे जर्मनीत बाईला फ्राउ म्हणतात. मॅच अकराची, ही साडेनऊला हजर. बगलेत घडीची खुर्ची आणि एका डोळ्यावर पट्टी. मोतीबिंदू काढला म्हणे. माझ्या नणंदेचाही काढला होता, ती दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापायला बसली. असो. आमच्या नातीच्या, अन्वीच्या बेसबॉल टीमचा स्कोअर इतकी वर्षं हीच बाई ठेवायची, कागदावर. यंदापासून टॅब्लेट, आणि हिला दिसत नाही. ट्रेनर उवेनं विचारलं, कोण बसतं? सगळे आईबाप आपापले बूट बघायला लागले. मी हात वर केला. यामिनीनं तो खाली ओढला. सून असून सासूचा हात ओढते. मी पुन्हा वर केला. चौथीपर्यंतच शिकले, पण अकोल्याला व्हिडिओ कॉल माझा मीच लावते.
उवे म्हणाला, आल्झो, झुपर. म्हणजे, चला, झकास.

सोमवार, ५ मे
जगदीशनं समजावलं. पोरगा केमिकलच्या कारखान्यात इंजिनिअर, सोपी गोष्ट सोपी सांगतच नाही. अन्वी चेंडू टाकते. समोरची मारते आणि पहिल्या बेसकडे पळते. चांगला मारून पोचली तर हिरवं बटण, हिट. आपल्या एखाद्या पोरीनं हातातला चेंडू सोडला म्हणून पोचली तर लाल, एरर. म्हणजे सोडणारीच्या नावापुढे चूक लागते. म्हणाला, आई, लालच्या जागी हिरवं दाबलंस तर बोल अन्वीवर येतो. जूनमध्ये राज्याच्या टीमची निवड आहे, ती माणसं टॅब्लेटमधले आकडे बघतात. अन्वीनं वर्षभर त्यासाठी जीव काढलाय.
मी म्हटलं, कळलं. तेवढ्यात कणीक वाळली.

रविवार, ११ मे
टॅब्लेट म्हणजे डोक्याला ताप. उन्हात काही दिसत नाही. आडवा धरला की आपलंच तोंड दिसतं. बोटाला चटणीचं तेल, तर दाबलेलं लागत नाही. पुसून दाबलं तर दोनदा लागतं.
तिसऱ्या डावात लीना नावाच्या पोरीनं अगदी हातातला चेंडू सोडला. हातमोज्याआड तोंड लपवलं तिनं. शेजारी बसलेली फ्राउ होफर म्हणाली, फेलर. चूक. दिसलं नाही, पण आवाजावरून कळलं म्हणे. मी लालपाशी बोट नेलं आणि परत आणलं. बारा वर्षांचं लेकरू ते. आमच्या गुरुजींनी माझ्या वहीत लाल रेघ मारली होती, ती मला अजून दिसते. हिरवं दाबलं. मारणारी खूश, सोडणारी सुटली.
नियम ठरवला. लाल बटण आपण दाबायचं नाही.

रविवार, २५ मे
आज आठ वेळा चेंडू सुटला, आठ वेळा हिरवं. लीनाच्या आईनं स्ट्रॉबेरीचा जॅम दिला. सगळ्या आया मला हात करतात. एवढ्या गोडीनं स्कोअर या मैदानावर कुणी ठेवला नसेल.
अन्वी मात्र गाडीत बापाला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. जगदीश म्हणाला, हिचे आकडे फार खराब दिसतायत. आई, तू नीट दाबतेस ना? मी म्हटलं, यंत्रातच खोट आहे, चार्जर बदलून बघ.

गुरुवार, १२ जून, संध्याकाळी
यामिनीनं सगळ्या मॅचचे आकडे काढले. आपल्या टीमची एकही चूक नाही. उवे म्हणाला म्हणे, अशी टीम जगात नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सरळ सांगितलं, लेकरांच्या नावाला लाल कशाला. अन्वी एरवी मराठी नुसती ऐकते, उत्तर जर्मनमध्ये देते. आज मराठीत म्हणाली, आजी, मग सगळं माझ्यावर आलं.
जेवले नाही. म्हणजे भात घेतला, पोळी नाही घेतली.
ठराव: रविवारी निवडीचे पाहुणे येणार. त्या दिवशी लाल सोडायचं नाही.

रविवार, १५ जून
बोट असं चाललं की विचारू नये. अन्वी टाकत होती तेव्हा लाल, लाल, लाल. तिच्यावर एक डाग नाही. मग तिची मारायची पाळी आली. तीन वेळा मारला, तिन्ही वेळा कुणाच्या हाताला न लागता लांब गवतात, तिन्ही वेळा पोचली. मी उठून नाचायची बाकी होते.
फ्राउ होफरची पट्टी निघालीय. वाकून टॅब्लेट बघितला आणि माझ्या दंडावर हात ठेवला. मी तिन्हीला लालच दाबलं होतं. म्हणजे अन्वीनं काही मारलंच नाही, समोरच्यांनी चुका केल्या, असं झालं. दाबलेलं परत घ्यायचं बटण शोधण्यात अख्खा डाव गेला. तेवढ्यात पाहुणे आले. उशिरा. केक खाल्ला, टॅब्लेट बघितला, माना हलवल्या.
ही दोनच बटणं ठेवणाऱ्याला अक्कल नाही.

रविवार, २२ जून
यादी लागली. अन्वी नाही.
उवेनं मला केकच्या टेबलावर बसवलं. म्हणाला, तिथं जबाबदार माणूस हवं. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हटलं मी. टॅब्लेट फ्राउ होफरकडे. दोन्ही डोळ्यांनी बघते आता, आणि लाल दाबताना जरासुद्धा थबकत नाही. लीना रडली. मग नाक पुसून पुढचा चेंडू पकडला.
अन्वी केक घ्यायला माझ्याकडेच आली. दोन तुकडे घेतले, एक माझ्यासमोर ठेवून गेली.
उवे पाहुण्यांशी फोनवर बराच भांडला म्हणे. आकडे बाजूला ठेवून पोरीला परत एकदा बघतो, म्हणालेत. तारीख जगदीशनं सुचवली. माझं अकोल्याला परतायचं विमान नेमकं आदल्या दिवशीचं. योग असतात एकेक.
पाहुणे येणार: रविवार, ६ जुलै, अकरा वाजता.