आज डबा भरला नाही

मालविका,

आज तुझा डबा भरला नाही. वरण-भात कुकरमध्ये आहे, घरीच जेव. मी नांदेडच्या बसनं निघाले. शाळेतल्या समुपदेशकाच्या कोर्सची आज तोंडी परीक्षा आहे. लई थकलेय गं, पण जाऊन येते.

तू मेडिकलच्या क्लासला जात नाहीस, हे मला कळलंय. विमलमावशीनं तुला गंजगोलाईच्या बाजारात देवीच्या देवळापाशी डबा खाताना पाहिलं, तेही एकदा नाही. मी आपली रिकामा डबा बघून खूश होत होते. शाळेत लोकांच्या पोरी माझ्यापुढं बसून रडून जातात, आणि घरचीला मी विचारत होते, भाजी कशी झाली?

चिडले नाही. का जात नाहीस, हेही विचारत नाही. लहानपणी, भूकंपानंतर आम्ही राहायचो त्या पत्र्याच्या शेडात येणारा प्रत्येक जण मला विचारायचा, "बाळ, तुमच्यातलं कोण कोण गेलं?" तेव्हापासून काही प्रश्नांचा मला धसकाच आहे.

आज हमखास विचारतील, स्वतःच्या मुलांचं समुपदेशन करावं का? उत्तर आहे, करू नये. पुस्तकातलं हे एकच उत्तर वाचून मला सुटल्यासारखं झालं.

संध्याकाळी मी आले की, डॉक्टरकी नको असली तर तेवढंच सांग, "आई, नको." कारण सुचेल तेव्हा सांग, नाही सुचलं तरी चालेल. बाबांना अजून काही माहीत नाही. त्यांचं मी बघते. त्यांच्यापुढं समुपदेशन चालत नाही, भांडावंच लागतं, आणि ते मला कोर्स न करता येतं.

आई