नावाशिवाय सही

टोलेडो, ओहायो
१२ ऑक्टोबर २००३

ती. व्हर्नाताईस,
धाकट्या लॉइडचा शि. सा. न. वि. वि. (गुडघ्यांमुळे हल्ली साष्टांग जमत नाही, तेव्हा कागदावर घातलाय तो गोड मानून घे.)

तुझं पत्र पोचलं. तिकडे मका निघाला, हीटर दुरुस्त झाला, वाचून बरं वाटलं. इकडे तुझी भावजय नॅडीन ठीक आहे. माझ्या कार्डांच्या कपाटामुळे पाहुण्यांची खोली गेली, ही तिची तक्रारही ठीक आहे. तू ईमेल शिकत नाहीस तोवर मला हात दुखवून घ्यावा लागणार, हे मी आता स्वीकारलं आहे.

ताई, एक काम आहे. हसू नकोस. माझ्याकडे ५६ सालच्या त्या बेसबॉल संघाची सगळी कार्डं आहेत, एकेका खेळाडूच्या फोटोची आणि सहीची, तज्ज्ञांनी तपासून प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेली. लोक लांबून बघायला येतात. पण कपाटात मधल्या फळीवर एक जागा रिकामी आहे, आणि ती कुणाची, तर आपल्याच टॅल्बटच्या हार्लन टीगची! ज्या माणसाने अख्खी हयात मागेल त्याला सही दिली, त्याचीच माझ्याकडे नाही. म्हटलं, तो काय, गावचाच आहे, कधीही घेऊ. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! आता दोन वर्षांपूर्वी त्याला तो अर्धांगाचा झटका आला आणि तेव्हापासून माझी पत्रं न फोडता परत येतात.

त्याच्या सहीची कार्डं विकत मिळतात, पण मला ती नकोत. मला माझ्याच कार्डावर हवी आहे. आपल्या गावच्या दुकानात च्युइंगमच्या पुडीत निघालेलं ते. पुडी मी घेतली होती आणि च्युइंगम तू खाल्लंस, हे मी विसरलेलो नाही. कार्ड सोबत जपून पाठवतो. तू त्याच्याकडे जाऊन बघ. सही निळ्या मार्करने हवी, चेहऱ्यावर नको, आणि मुख्य म्हणजे माझं नाव घालू देऊ नकोस. ‘लॉइडला सप्रेम’ असं काही लिहिलं की आमच्या लोकांच्या लेखी कार्ड बाटलं. मग ते दुसऱ्या कुणाचं होऊ शकत नाही ना!

नॅडीनचा नमस्कार. लोभ आहेच, कामापुरता वाढवावा.

तुझा,
लॉइड

*

टॅल्बट, आयोवा
९ नोव्हेंबर २००३

चि. लॉइडला,
ताईचे अनेक उ. आ., आणि एक धपाटाही.

च्युइंगम अर्धंच खाल्लं होतं. बाकी अर्धं तुझ्या केसांत चिकटलं होतं, ते आईने कात्रीने काढलं.

तुझ्या कामासाठी ॲपल पाय घेऊन टीगकडे गेले. त्यांची मुलगी ग्लेंडा त्यांच्याजवळच राहते. तिने पायचे तुकडे करून दिले, त्यांनी डाव्या हाताने खाल्ले, दोनदा मागून घेतले, आणि मग सरळ नाही म्हणाले. उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा. म्हणाले, ती सही गेली. बँकेच्या कागदांवर आता फुली मारतो नाहीतर ग्लेंडा सही करते. लॉइड, तुला आठवतं ना कसली सही होती? सगळ्या लीगमध्ये एकट्याची अशी, की एकेक अक्षर वाचता यावं. त्यांच्या आईने पाटीवर घोटून घेतली होती. ती बघताना त्यांना आई दिसायची, असं म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

मग माझ्या तोंडून निघून गेलं की तिसरीच्या वर्गाला शिकवण्यात माझा जन्म गेला, डावखुरी पोरं माझ्याच वर्गात धाडायचे, मंगळवारी या, बघू. त्यावर ते भडकले. मी काय आठ वर्षांचा आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, आठ वर्षांचे असता तर इतका हट्ट केला नसता. ग्लेंडा तोंडाला पदर नसल्यामुळे ओंजळ लावून हसली.

मंगळवारी दहाच्या सुमाराला दार वाजलं. टोपी हातात. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दुरेघी कागदावर ‘एच’ काढतात. शेजारीशेजारी दोन खांब आणि मधे आडवी फळी, एवढंच अक्षर, पण फळी दर वेळी घसरते. चिडतात, टोपी घालतात, कॉफीचा वास आला की काढतात. मला ‘बाई’ म्हणतात, चिडवायला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत.

तेव्हा तू घाई करू नकोस. सही मिळेल की नाही, ठाऊक नाही. पण त्या माणसाला स्वतःचं नाव परत मिळायला हवं, असं मला वाटू लागलं आहे.

नॅडीनला आशीर्वाद. पत्र पाठवत जा, हात दुखू दे.

तुझी,
ताई

*

टॅल्बट, आयोवा
२४ फेब्रुवारी २००४

चि. लॉइडला, अ. उ. आ.

पाकीट हळूच फोड, आत तुझं कार्ड आहे. सहीसकट.

आज मंगळवार. बर्फ गुडघाभर, तरी आले. कोट काढायच्या आत म्हणाले, बाई, आज आणा ते कार्ड. मी आणलं. मग मार्कर हातात घेऊन त्यांनी विचारलं, कुणासाठी? सवयच आहे म्हणे त्यांची, विचारल्याशिवाय कधी सही केली नाही. मी तुझी अट सांगितली. त्यांना ती मुळीच पटली नाही. नावाशिवाय सही म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट, जाणार कुठे, असं म्हणाले. पण तुझं मन राखलं.

कॉफी ओतली तेव्हा सुरुवात केली आणि प्यायला उचलली तेव्हा ती गार झाली होती. मी मुद्दाम भांडी विसळत उभी राहिले, टक लावून बघितलं की मुलांचं हटकून चुकतं. झाल्यावर म्हणाले, खिडकीशी धरा. धरलं. बराच वेळ बघत होते. सही पहिल्यासारखी नाही, लॉइड. थोडी उताराला लागली आहे, ‘टी’चं डोकं वाकडं आहे. पण वाचता येते. जाताना पाच पावलं जाऊन परत आले आणि ग्लेंडाला फोन करू का म्हणून विचारलं.

रविवारी चर्चमध्ये ते साऱ्या गावाला सांगणार, यात शंका नाही. मंगळवार मात्र बंद नाहीत. अजून सराव हवा, म्हणतात. सरावाचा एक कागद नेहमी घडी करून खिशात घालतात, तेवढा दाखवत नाहीत. खाडाखोड झाली असेल म्हणून मीही मागत नाही. पोरांचाही असा एक कागद असायचाच.

जपून ठेव. माया आहेच.

तुझी,
ताई

*

टोलेडो
११ एप्रिल २००४

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. कार्ड पाहिलं तेव्हा मी रडलो, नॅडीन साक्षीला आहे.

आता गंमत ऐक. कपाटात सगळीच कार्डं डबीबंद, म्हणून मी आपलं हेही तपासायला धाडून दिलं. आम्हा लोकांच्या अंगवळणीच पडलंय ते. नवीन कार्ड आलं की आधी तपासणी, मग कपाट. परवा ते तसंच परत आलं, डबीशिवाय, सोबत चिठ्ठी: सही सदर खेळाडूची नाही! मी पोट धरून हसलो. त्यांचंही चुकलं नाही म्हणा. ते जुन्या सह्या शेजारी ठेवून बघतात, आणि जुन्या सगळ्या उजव्या हाताच्या. तूर्त ते टेबलाच्या खणात ठेवलं आहे. डबीशिवाय त्या फळीवर बरं दिसणार नाही. टीगना यातलं काही कळवू नकोस, उगाच मनाला लावून घेतील.

तुला आणि तुझ्या विद्यार्थ्याला नमस्कार.

तुझा,
लॉइड

*

टॅल्बट
२ मे २००४

लॉइडला, आशीर्वाद. आज एकच, तोही कसाबसा.

मी काही कळवलं नाही. कळायचं ते कळलं. तुझे ते तपासणीवाले खोट्या ठरवलेल्या सह्यांचे फोटो कंप्युटरवर लावतात, लोकांनी सावध राहावं म्हणून. ग्लेंडाला त्यात तुझ्या कार्डाचा दिसला. तिलाही तुझ्यासारखीच गंमत वाटली आणि तिने जेवताना वडिलांना सांगितलं. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, म्हणजे ज्यांना कळतं ते म्हणतात की हा मी नाही.

तेव्हापासून ते आलेले नाहीत. मी दोन मंगळवार कॉफी करून ओतून दिली. चर्चमध्ये दिसले, तर डावा हातही कोटाच्या खिशात. बँकेत पुन्हा फुली मारली, ग्लेंडा सांगत होती, आणि सांगताना तिला रडू येत होतं.

तुला काय म्हणू? मी त्या खोलीत होते. तुझी बहीण सांगते आहे की सही त्यांची आहे, आणि तू परक्यांना विचारायला गेलास. बरं, गेलास तर गेलास, सवयीचा गुलाम आहेस. पण परत आल्यावर खणात टाकलंस? सबंध हिवाळा आहे त्या कार्डात, लॉइड.

मला नीट झोप लागत नाही. मला त्यांची सवय झाली होती, हेही लिहून टाकते, लपवायचं काय.

ताई

*

टोलेडो
९ मे २००४

ती. ताईस, साष्टांग नमस्कार, या वेळी गुडघ्यांसकट.

तुझं पत्र नॅडीनने वाचलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं.

तपासणीवाल्यांशी फोनवर भांडलो. ग्लेंडाने डॉक्टरांचा दाखला धाडला, तेव्हा त्यांनी तो फोटो कंप्युटरवरून काढून टाकला. डबी मात्र देणार नाहीत. डाव्या हाताची दुसरी सही नाही, ताडून कशाशी बघणार, म्हणाले. म्हटलं, नका देऊ.

काल कपाटासमोर बसलो होतो. इतकी कार्डं, ताई, आणि एकही सही होताना मी काय, माझ्या ओळखीच्या कुणीही पाहिलेली नाही. चिठ्ठीवर भरवसा ठेवून घेतली. जी होताना माझ्या बहिणीने पाहिली, ती तेवढी खणात! मला माझीच लाज वाटली.

कार्ड सोबत परत पाठवतो. टीगना नेऊन दे, ते दार उघडेनात तर ग्लेंडाकडे दे. आणि माझ्या वतीने विनंती कर की त्यावर माझं नाव घालावं. चांगलं ठळक. बाटू दे. मला ते दुसऱ्या कुणाचं व्हायला नको आहे. त्यांनी नाही म्हटलं तर कार्ड त्यांच्याकडेच राहू दे, माझा हक्क नाही.

मधली फळी रिकामी ठेवतो. राग गेला की लिही.

तुझा,
लॉइड

*

टॅल्बट
३० मे २००४

रा. रा. लॉइड यांस,
हार्लन टीगचा स. न.

हे माझ्या हाताने लिहीत आहे. आठवडा लागला, तरी थोडक्यात आटोपतो. पाकिटावरचा पत्ता ग्लेंडाच्या हातचा.

तुमच्या बहीणबाई कार्ड घेऊन आल्या. मी दार उघडलं नाही. त्या पायरीवर बसून राहिल्या. पाऊस आला तरी उठल्या नाहीत. मग उघडावं लागलं.

कार्ड पाठवत आहे. तुमचं नाव घालायचा पुष्कळ प्रयत्न केला, आधी कागदावर. जमत नाही. तुमच्या नावात दोन ‘एल’ शेजारी येतात आणि माझा हात त्यांचा गुंता करतो. शिवाय मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून सहीच्या वर ‘व्हर्नाच्या भावास’ असं लिहिलं आहे. चालवून घ्या.

व्हर्ना हे नाव माझ्या हातात छान बसलं आहे. हिवाळाभर घरी त्याचाच सराव केला. बाईंना तो कागद अजून दाखवलेला नाही.

येत्या मंगळवारी दाखवेन. लोभ असावा.

आपला,
हार्लन टीग
(सही माझीच आहे.)