डाव्या खांद्याचा दस्ता

३ सप्टेंबर, शनिवार

रायफलला दस्ता बसला! अक्रोडाचा, माझ्या हाताने घडवलेला. शेवटी सुतारकी कामाला आली. जुना दस्ता लाकडाचा चुरा आणि राळ दाबून केलेला होता, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा — लष्करातून निघाला तसाच. एक बोल्ट काढला की सुटतो. पुढची मूठही नवी केली आणि वर लाल ठिपक्याचं भिंग बसवलं. आता कुठे ही रायफल माझी वाटायला लागली.

सासरेबुवा आज नेमबाजीच्या मैदानावर नव्हते ते बरंच झालं. त्यांनी बघितली असती तर —

४ सप्टेंबर, रविवार

बघितलीच. रविवारचं जेवण त्यांच्याकडे, आणि यित्काच्या पोटात काही राहत नाही. बायको माझी, पण वडिलांची लेक आधी! मग फोनवर फोटो दाखवावा लागला. त्यांनी फोन नाकापाशी नेला, मान वाकडी करून बघितला.

"सामोपालला ट्रॅक्टरचा दिवा लावलास?"

"नेम पटकन लागतो, बाबा."

"तुझे दोन्ही हात डावे. नेम काय लागणार."

सामोपाल — लष्करात त्यांना शिकवलेलं नाव. रायफल म्हटलं तर त्यांच्या कपाळाला आठी पडते आणि कलाश्निकोव्ह म्हटलं तर विचारूच नका. दिसायला सारखी, पण तिचा एक स्क्रू हिला चालत नाही. आमच्या क्लबात नियमच आहे — जो हिला कलाश्निकोव्ह म्हणेल त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. नियम सासरेबुवांनीच केलेला. त्यांची स्वतःची अगदी मूळची आहे, खिळासुद्धा बदललेला नाही. तिला आठवड्याला तेलपाणी होतं, सासूबाईंच्या फोटोच्या काचेसारखी ती चकचकीत असते.

पण तिला घेऊन ते मैदानावर येईनात. उन्हाळ्यापासून रोज नवं निमित्त. कधी गुडघा, कधी कोबीवरच्या अळ्या.

१० सप्टेंबर

गुडघा नाही आणि कोबीही नाही. आमचं मैदान सांभाळणारा लुमिर आज बोलला. जूनमध्ये म्हाताऱ्याची एकही गोळी निशाणाच्या पुठ्ठ्याला लागली नाही. बंदूक पेटीत घातली आणि कुणाशी न बोलता घरी गेले. लुमिरला बजावून ठेवलं होतं, जावयाला सांगायचं नाही.

राग आला. मग राग गेला, आणि उरलं ते रागापेक्षा वाईट होतं.

१३ सप्टेंबर

यित्का आणि मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. उजव्या डोळ्याच्या मधोमध काळा डाग. कडेकडेचं दिसतं, नेमकं ज्याकडे बघावं ते दिसत नाही. बरा होणार नाही. डावा डोळा ठणठणीत, परवान्यालाही डॉक्टरांची हरकत नाही.

"नळीच्या टोकाची माशीच दिसत नाही तर नेम कशावर धरू?" म्हणाले. "विकून टाका. तुझ्याकडे गिऱ्हाईक असेल ना, रादिम? फक्त दिवे लावणारा नको."

हे त्यांनी हसत म्हटलं. त्यांना घरी सोडल्यावर गाडीत यित्का रडली. आई गेल्यावर त्यांना शनिवारचं मैदान तेवढंच उरलं होतं. आता खिडकीत बसून राहतील, म्हणाली, आणि एक दिवस तिथूनही उठणार नाहीत. मी धीर द्यायला काहीतरी बोललो. मला स्वतःलाच ते पटलं नाही.

१४ सप्टेंबर

डाव्या डोळ्याने बघायचं तर डाव्या खांद्यावर धरायची! इतकं सोपं. तडक त्यांच्याकडे गेलो.

इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"सामोपाल उजव्या खांद्याची आहे. डावीकडे धरली असती तर पलटणीतल्या नाईकाने मला पहाटेपर्यंत खंदक खणायला लावला असता."

"नाईक आता कुठे आहे, बाबा?"

"मेला असेल. म्हणून काय डावीकडे धरू?"

आणि दार लावून घेतलं. निरोपाचा घोटही विचारला नाही.

१७ सप्टेंबर

त्यांच्या बंदुकीला हात लावायची माझी छाती नाही. माझी आहेच की. अक्रोडाचा दस्ता पुन्हा काढला. बाबा माझ्याहून ठेंगणे, म्हणून आखूड केला. गालाचा टेकू दुसऱ्या बाजूला नेला — तो नासपतीच्या लाकडाचा, गालाला मऊ लागतो. भिंग थोडं उंच केलं. डाव्या हाताच्या अंगठ्याला लागेल असा सुरक्षेचा खटका मागवला.

दोन आठवडे ज्या दस्त्याचं कौतुक करत होतो, तोच तासून टाकला. जीव तुटला, नाही म्हणत नाही. आता ती माझ्या खांद्याला लागतसुद्धा नाही.

२० सप्टेंबर

काहीच लिहावंसं वाटत नाही. फोन केला की "कामात आहे" म्हणतात. कसलं काम?

२५ सप्टेंबर

युक्ती सुचली. फोनवर इकडचं तिकडचं बोललो आणि मध्येच म्हणालो, "बाबा, माझ्या कलाश्निकोव्हला —"

पलीकडे खुर्ची मागे सरकली.

"काय म्हणालास?"

"कलाश्निकोव्ह."

"शनिवारी येतो," म्हणाले. "लुमिरला सांग, बिअरचं पिंप पुरं भरलेलं ठेव."

१ ऑक्टोबर, शनिवार

आले! डोक्याला टोपी, हातात काही नाही. बिअर बंदुका पेटीत गेल्यावरच मिळते, हा लुमिरचा नियम. तेव्हा तोवर थांबणं भाग होतं. मी माझी रायफल पुढ्यात ठेवली. त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला, गालाचा टेकू चाचपला. सगळं उलट्या बाजूला आहे हे त्यांना लगेच कळलं.

"लाकूड बरं आहे," एवढंच म्हणाले.

मग उचलली. मला वाटलं होतं, शिकवावं लागेल, धडपडतील. कसलं काय. डाव्या खांद्याला ती अशी जाऊन बसली की लुमिरने हातातला चहा खाली ठेवला. पहिली गोळी पुठ्ठ्याच्या कडेला. दुसरी आत. मग एकामागून एक, सावकाश, सगळ्या मधोमध. डाव्या खांद्यावर सासरेबुवा आम्हा सगळ्यांहून उजवे ठरले. तरुणपणी तरी असा नेम होता का, असं लुमिरने विचारलं. नव्हता.

बंदूक खाली ठेवून ते स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसले.

"मी डावखुराच होतो रे," म्हणाले. "शाळेत बाईंनी हा हात खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवला. उजव्याने लिहायला लागलो तेव्हा सोडला. मग नाईक भेटला, त्याने उरलंसुरलं काढलं. मी विसरूनच गेलो होतो."

बंदुका पेटीत गेल्या. मी बिअर पाजली, सगळ्यांना. त्यांनी ग्लास उजव्या हातात घेतला, थांबले, आणि डाव्यात घेतला. मी पिंपाचा नळ दुरुस्त करायचं सोंग केलं.

५ ऑक्टोबर

त्यांनी फोन केला. आपल्या सामोपालचा जुना दस्ता काढायला काय काय लागतं? एक बोल्ट, म्हणालो. मग, "नासपतीचं लाकूड अजून आहे का तुझ्याकडे?"

यित्काला सांगितलं. ती उड्या मारेल असं वाटलं होतं. नुसती "बरं झालं" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

९ ऑक्टोबर, रविवार

शेपूचा रस्सा, बटाटे, उकडलेलं अंडं. सासरेबुवा डाव्या हाताने जेवत होते. मध्येच उठले, यित्काच्या उजव्या हातातला चमचा काढून घेतला आणि तिच्या डाव्या हातात दिला. "तू लहान असताना हा हात मीच बांधला होता," म्हणाले. "फडक्याने. याच टेबलाशी." इतकी वर्षं संसार केला, मला हे माहीत नव्हतं. यित्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्याच हाताने जेवली, सांडत सांडत.