डाव्या हातानं लिहिलेली चिठ्ठी

झरी. मंगळवार, दिवेलागण.

चहा गार झाला. ती चिठ्ठी समोरच आहे.

नववीच्या मुलींना शरीराचं प्रकरण शिकवायचं, म्हणून मीच वर्गात खडूचं रिकामं खोकं ठेवलं. विचारायला लाज वाटते ते लिहा, नाव नको. आणि तुमची अक्षरं मी ओळखते, तेव्हा डाव्या हातानं लिहा. काय हुशारी वाटली होती मला माझीच!

दुपारी काही पालक येऊन ओरडून गेले, ‘पोरींना हे असलं शिकवायलेत का?’ मग मुख्याध्यापक सरांनी बोलावलं. ‘बाई, लोक लय चिडलेत. घरी वाचून घ्या म्हणा, दरवर्षी तसंच करतो की आपण. अन् ते खोकं बंद करा.’ मी हो म्हणाले. का म्हणाले?

घरी आणून खोकं उघडलं. बहुतेक चिठ्ठ्या पाळीच्या, पोटदुखीच्या. आणि ही एक. वाकडीतिकडी अक्षरं, पेन दाबून लिहिलेली : ‘बाई, घरातल्याच एका माणसानं हात लावलेला नको वाटतो. कुणाला सांगू?’

कोण असेल? तपासायला आणलेल्या सगळ्या वह्या काढून बघितल्या. एकही अक्षर जुळत नाही. जुळेल कसं? तिनं माझं ऐकलं.

आणि मी तिला सांगायचं, घरी वाचून घे. घरी!

उद्या पहिलाच तास नववीवर. अडतीस मुली उठून ‘नमस्ते बाई’ म्हणतील, आणि त्यातली एक उत्तरासाठी माझ्या तोंडाकडं बघत असेल.