खोली नंबर सातमधली न्याहारी

दि. ५ नोव्हेंबर, बुध.
हिंगोली. लॉज, खोली नं. ७. तळमजला मागून घेतला, सौ.ला जिना नको.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवीचं ऑपरेशन करू, पण रक्त दहापर्यंत आल्याबिगर भूल देता येत नाही. आज ८.१ निघालं. तीन आठवडे सोम-बुध-शुक्र सलाईनमधून लोहाचं इंजेक्शन. "आणि आजी, सकाळी पोटभर खाऊन यायचं. उपाशी पोटी आलात तर सुई लावणार नाही." सौ.नं मान हलवली. तिची ती मान मला ठाऊक आहे. हलते, पण आत काही जात नाही.
गाव इथून लांब नाही, सिद्धेश्वरच्या धरणाखाली. पण रिक्षात बसलं की तिचं अंग खाली सरकतं. दहा वर्षं तशीच वावरली. पाणी भरलं, कापूस वेचला. मला सांगितलं कधी, तर या दिवाळीत, करंज्या लाटता लाटता पाटावरून उठता येईना तेव्हा. दहा वर्षं एका घरात राहून मला
जाऊ द्या.
दारामागं पाटी आहे, खोलीत स्वयंपाक करू नये. मॅनेजर सलीमभाईंनी तोंडीही बजावलं. "चाचा, पिछले साल एक जनीने गद्दा जला दी. शेगडी, कॉइल, कुछ बी नक्को."

दि. ६, गुरु.
न्याहारीला कोपऱ्यावरून पुरीभाजी आणली. एक घास घेतला आणि मोरीकडं धावली. तेल जुनं होतं. मग दिवाळीचा चिवडा पुढं ठेवला. बघितलं नाही. दूध, बिस्किटं. नाही.
शेवटी बोलली. "इथं चूल पेटली न्हाई, तिकडं घरची पेटली न्हाई. आन् मी बसून खाऊ? काहून, घरात कोन मेलंय का?"
आमच्याकडं मयत झालं की चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी आणतात. आमच्या घरची चूल दोनदाच गप्प राहिली. एकदा आईच्या वेळी, एकदा धाकट्या पोरीच्या वेळी. सौ. एरवीही चूल पेटवून तव्यावर पहिली भाकरी पडल्याशिवाय पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही. पन्नास वर्षांत मी याच्याकडं लक्ष दिलं नव्हतं. मला भाकरी वेळेवर मिळत होती.
कालव्यावर पाटकरी होतो तेव्हा किती पाणी सुटलं ते रोज लिहायचो. चौथी शिकलेला माणूस, सगळं लिहिणं त्या रजिस्टरवरच शिकलो. आता घास लिहितो. आज घा. १. तोही परत आला.

दि. ७, शुक्र.
खाल्लं म्हणून खोटं सांगितलं हिनं. सलाईन अर्धी झाली आणि डोळे फिरवले. सिस्टर पळत आली. खाटेचं पायथं वर उचललं, साखरपाणी पाजलं. सिस्टर मला, तिला नाही, "काका, तुम्ही काय करून राहिले? बाई उपाशी हाय हे दिसत न्हाई का?"
दिसतं. सगळं दिसतं.
चहाही बंद सांगितला, खाण्यावर चहा घेतला की लोह लागत नाही म्हणे. लिंबू द्या, पेरू द्या, मोडाचं कडधान्य द्या, गूळ-शेंगदाणे द्या. शिजवलेलं असं त्यात काहीच नव्हतं. म्हणजे हे मला जमण्यासारखं आहे.

दि. ८, शनि.
बाजारात जाऊन आलो. पातळ पोहे, डाळवं, गूळ, शेंगदाण्याचा कूट, मेतकूट, कांदे, लिंबं, मूग, सातूचं पीठ, तेलाची छोटी बाटली, सुरी. सगळं खिडकीच्या कट्ट्यावर मांडलं. दुकान टाकल्यासारखं दिसतंय.
तरी ती खाणार कशी? मग युक्ती केली. व्हरांड्यात जाऊन फोन कानाला लावला, मोठ्यानं बोललो. "हां कमळ, पेटवली का? बरं बरं, धूर निघू दे चांगला." कमळ म्हणजे आमच्या धाकट्या भावाची बायको, भिंतीला भिंत. आत येऊन सांगितलं, कमळनं आपल्या घरची चूल पेटवली, भाकरीबी टाकली.
सौ.नं माझ्याकडं बघितलं. हात धुतले.
सातूचं पीठ गूळपाण्यात कालवून दिलं. घा. ७.
फोन लावलाच नव्हता.

दि. ९, रवि.
लावलेले पोहे केले. पोहे, कांदा, तिखट-मीठ, कूट, वरून तेल आणि मेतकूट. घा. ९. म्हणाली, "मऊ पडले. तेल आदी चोळायचं, कांदा मागून." उद्या तसं करीन.
व्हरांड्यात पुन्हा तसंच बोललो. आज "म्हैस काय म्हणते" हेही विचारलं. रंगलो होतो.

दि. १०, सोम.
इं. दुसरं. चक्कर नाही. आज दही-पोहे, घा. ८. आणि दोन खजूर. ते सलीमभाईंनी दिले. कांद्याचा वास त्यांच्या टेबलापर्यंत जातो. आले, कट्टा बघितला, कुठं निखारा दिसतो का म्हणून खाटेखाली वाकून बघितलं. "बगैर चूल्हे का होटल डाल दिया क्या चाचा?"
सौ. पदराआड हसली. घरून निघाल्यापासून पहिल्यांदा.

दि. ११, मंगळ.
फजिती झाली.
मूग ओल्या फडक्यात बांधले होते, बारीक मोड आले. लिंबू पिळून दिले. दोन घास गेले आणि तिचा फोन वाजला. कमळ. सौ.नं स्पीकर लावला, तिला कानाशी धरून ऐकू येत नाही.
"अक्का, बऱ्या हाव ना? तुमच्या घराची चावी कुठं ठिवली? पाव्हणे आलेत, घोंगड्या काढायच्या हायेत."
सौ. म्हणाली, "चावी तर ह्यांच्या कोटात हाय."
बोलली आणि तशीच थांबली. माझ्याकडं बघत. कोट खुंटीला होता. मीच कुलूप लावलं होतं, मीच चावी आणली होती, आणि चार दिवस त्या बंद घरात चूल पेटवून राहिलो होतो.
वाटी सरकवली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दि. १२, बुध.
इं.ला उपाशीच. मीच सिस्टरला खरं सांगितलं. सुई लावली नाही, परत पाठवलं. एक पाळी वाया.
नुसतं बोट टोचून रक्त बघितलं. ८.४. एका आठवड्यात एवढंच.
सौ.नं खोलीत येऊन सांगितलं, आवाज न चढवता. "तीन हप्ते म्हनले ना? तीन हप्ते ऱ्हाईन. न्हाई झालं तर गावाकडं नेऊन सोडा. जसं हाय तसं हाय."
जसं आहे तसं म्हणजे काय, ते आता मला कळतं. वाकता येत नाही. लघवीला जळजळ. चारचौघींत बसायची लाज. लग्नकार्याला जाणं तिनं कधी सोडलं ते आठवून बघितलं. तेव्हा मला वाटलं होतं, बाई कंटाळली असंल.
मुलाचा, दत्ताचा, पुण्याहून फोन. आई जेवते का? म्हटलं जेवते. आणखी एक खोटं. थकलो. खोटं बोलायलाही ताकद लागते या वयात.

दि. १३, गुरु.
सकाळी स्टँडवर गेलो. औंढ्याच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा निघाला नाही, पण देवमाणूस. चावी रुमालात बांधून दिली, फाट्यावर माझा धाकटा भाऊ उभा राहील म्हटलं. तो म्हणाला, "आजोबा, डबे नेले, औषदं नेली. चावी पैल्यांदाच."
कमळला सगळं सांगितलं. मला वाटलं हसंल. ती म्हणाली, "दाजी, एवढंच व्हय? मला आदी सांगायचं. मी रोज पेटविते. पर खोटं काहून बोललाव अक्कासंगं?"

सौ. आज दुपारच्या डब्यातलं थोडं जेवली. सकाळी काही नाही.

दि. १४, शुक्र.
साडेसातला कमळचा फोन. चित्र दिसतं तो, व्हिडिओचा. तिच्या लेकीनं जोडून दिला. आधी नुसता धूर, मग खोकला, मग कमळचं तोंड, मग आमची चूल. खरीच. कापसाच्या पळकाट्या लावल्या होत्या, भडकून पेटल्या. पोतेरं फिरवलेलंही दिसलं. तव्यावर एक भाकरी.
सौ. बराच वेळ फोन धरून बसली. "त्या कोपऱ्यातलं भगुनं काहून तिकडं ठिवलं?" एवढंच बोलली. मग हात धुतले.
लावलेले पोहे. तेल आधी चोळलं. घा. ११.
इं. झालं. माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते.

दि. १७, सोम.
चूल रोज येते फोनवर. कमळ तिच्यावर अंघोळीचं पाणी तापवते, भाकरी म्हशीला. तिचं काम वाढलं, पण बोलत नाही.
शनि. राजगिऱ्याचे लाडू दुधात कुस्करून. रवि. डाळवं-गूळ, पेरू, पेरूच्या बिया दातात अडकतात म्हणून गर काढून दिला. आज सातू.
कंबर धरली माझी. सकाळी सहाला उठा, भांडी मोरीत धुवा, इं.ची रांग, पुन्हा भांडी. एका वाटीचं ते काम काय, पण संपत नाही. हिनं हे इतकी वर्षं
दुपारी खाटेवर पडलो तर डोळा लागला. उठलो तेव्हा अंगावर तिचं लुगडं घातलेलं.

दि. १९, बुध.
"कांदा जाड चिरताव तुमी. कापूस वेचून राहिलाव का?" सौ. खाटेवरून. म्हणजे राग निवला.
सलीमभाई वाटी घेऊन आले. "चाची, थोडा हमको बी." पोहे खाऊन म्हणाले, आमच्या घरी रमजानात सांगतो करायला. सौ. म्हणाली, "त्यास्नी सांगा, मेतकूट न्हाई टाकलं तर पुन्हा माझ्याकडं येऊ नका." ते निम्मं समजले असतील, हसले पूर्ण.
घा. १२. नखं थोडी गुलाबी वाटतात. की खिडकीचं ऊन?

दि. २२, शनि.
थंडी वाढली. सौ.ला रात्रभर कणकण होती, सकाळी दही नको म्हणाली. सातू कोमट पाण्यात. पाणी सलीमभाईंनी त्यांच्या किटलीतलं दिलं. सौ.ला विचारलं, हे पाणी तापलं म्हणजे चूल झाली की. "वायरीवर तापलेलं पानी. त्येला काय चूल म्हंत्यात?" नियम कडक आहे. घा. ६.
दत्ता म्हणतो, बाबा, पुण्याला आणा. पुण्यात तर चूल फोनवरही कोण ओळखणार.

दि. २५, मंगळ.
उद्या तपासणी. आज सौ. गप्प. तिनं पिशवी भरून ठेवली आहे. लुगडी, कंगवा, औषधं. विचारलं, कशाला? "एक तर दवाखान्यात जायचं, न्हाई तर घरी. हितं तर न्हाईच ना ऱ्हायचं."
खरं आहे. मी कट्ट्यावरचं सामान बघितलं. निम्मं मेतकूट उरलंय. ते भरायला माझा हात होईना.

दि. २६, बुध. (दवाखान्याच्या बाकावरून)
सकाळी साडेसात वाजले, फोन नाही. पावणेआठ. मी लावला तर बंद. भावाचाही बंद. नऊला रक्त द्यायचं, त्याआधी खायला हवं, आणि आजच इंजेक्शनचा शेवटचा दिवस.
सौ. भिंतीला टेकून बसलेली. बघत होती मी काय करतो ते. व्हरांड्यात जाऊन यावंसं वाटलं, नाही कसं म्हणू. पाय उचलला पण. मग तिथंच खाटेच्या कडेला बसलो आणि म्हटलं, "फोन लागत न्हाई. पेटली का न्हाई, मला ठाव न्हाई."
फॅनवर चिमणी येऊन बसली, उडून गेली. मग सौ. म्हणाली, "ताट आना मोठं."
सलीमभाईंकडून ताट आणलं. ती खाली बसू शकत नाही, म्हणून खाटेवरच ताट ठेवलं, मी दोन्ही हातांनी धरलं. तिनं पोहे ओतले, तेल चोळलं. बोटांनी चोळलं, माझ्यासारखं चमच्यानं नाही. कांदा बारीक चिरला. कूट, तिखट, मीठ, मेतकूट. लिंबू शेवटी. तीन आठवडे मी जे करत होतो त्याला पोहे म्हणायचं का, असा वास सुटला.
पहिली वाटी मला. रोज घरी तसंच असतं, आधी माझी भाकरी.
म्हटलं, "आन् चूल?"
"मी केलं न्हवं आता?" म्हणाली. "खावा. दात दाखवू नका."
मग तिनं घेतलं. मी घास मोजायला लागलो आणि पाचव्याला विसरलो. आज घा. लिहिता येत नाही. वाटी दोनदा भरली एवढं नक्की.
रक्त दिलं. इं. झालं. अडीचला कमळचा फोन आला. रात्रीपासून लाईट नव्हती, फोन उतरले होते, चूल वेळेवर पेटवली होती. सौ.नं ऐकून घेतलं. "बरं. म्हशीला भाकरी दिली का?" म्हणाली.
चारला रिपोर्ट म्हटले होते, रक्त दहा भरलं की नाही ते कळेल. साडेचार होत आलेत. पिशवी तिच्या पायाशी, ती पदरानं डोकं झाकून डुलक्या घेते. हातांना अजून कांद्याचा वास येतोय, तिच्या. माझ्या खांद्याला टेकली आहे म्हणून येतो.
खिडकीतून नावं पुकारायला लागले. आतापर्यंत चार. आमचं नाही.