हवालदारांचे अकरा दिवस

९ ऑक्टोबर १९९३, शनिवार

आजही मैदानातच! भूकंपाला नऊ दिवस झाले. लातुरात आमच्या गल्लीतली घरं उभी आहेत, पण आत जाऊन झोपायची कुणाची छाती होत नाही. किल्लारीकडची खबर कानावर आली की घास उतरत नाही. शाळेच्या मैदानात चाळीस घरं, चाळीस ताडपत्र्या, चाळीस स्टोव्ह. जमीन जरा कुरकुरली की पोरं आईच्या पदरात.

आज संध्याकाळी आमच्या हवालदारांनी तोंड उघडलं. हवालदार म्हणजे माझेच यजमान, ग्यानोबा. चारचौघांत मी ‘प्रियाचे पप्पा’ म्हणते, पण वहीत हवालदारच! फौजेतून हवालदार होऊन आले, आता बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतात. एकाहत्तरच्या लढाईत ट्रक चालवायचे. वाळवंटात रस्ता चुकले आणि ट्रकसकट पलीकडच्यांच्या हाती लागले. “रस्ता न्हाई चुकलो, नकाशा चुकला” — हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आठ महिने कैदेत काढले, मग तारेखालून पळाले. अकरा दिवस पायी, हद्दीपर्यंत.

लग्न झालं तेव्हा मला हे चार वाक्यांत सांगितलं होतं, चुलीपुढं बसून. आज मैदानात दीड तास! पोरं गोल करून बसली. थंडी म्हणून उंटाच्या पोटाला पाठ लावून झोपले म्हणे. उंट कुठून आला? माझ्या वेळी उंट नव्हता!

पण नऊ दिवसांत ती पोरं पहिल्यांदा हसली. हेही लिहायला पाहिजे.

११ ऑक्टोबर

उंटाला आता नाव आहे — मोती.

१५ ऑक्टोबर

दुपारी पुन्हा धक्का. भांडी वाजली, बायका ओरडल्या. आणि पोरं? “हवालदार काका, सातवा दिवस!” सातवा दिवस ह्या आठवड्यात तिसऱ्यांदा झाला. दर वेळी वेगळा.

शेजारच्या ताडपत्रीत श्रीनाथ सर राहतात. घरी फिजिक्सच्या शिकवण्या घेतात. म्हणाले, “वहिनी, मी पंधरा वर्षं शिकवतोय, माझ्याकडं असं कुणी बघत बसत नाही.”

मी म्हणाले, “सर, तुमच्या फिजिक्समध्ये उंट घाला.”

६ जुलै १९९७, रविवार

वही सापडली! प्रियाच्या अकरावीच्या गाइडांच्या ढिगाखाली. चार वर्षं कोरी. एवढ्यात प्रिया बारावीला गेली, मला चष्मा लागला, आणि लातूर ओळखू येईना. ज्या गल्लीत चार वर्षांपूर्वी भिंतीला तडे होते, तिथं आता भिंतीवर फोटो — ‘आमचे यशवंत’. घरटी एक खोली भाड्यानं. समोरच्यांनी म्हशी विकल्या, गोठ्याची अभ्यासिका केली. बोर्डावर लिहिलंय ‘शांत वातावरण’. शांत असेल, पण वास अजून म्हशीचाच आहे.

श्रीनाथ सरांच्या घरच्या शिकवण्यांचे आता क्लासेस झालेत. तीन बॅचा, तीनशे पोरं. सकाळी सर स्वतः आले.

“हवालदारसाहेब, बाहेरगावची पोरं रडतात हो. घराची आठवण येते, पळून जातात. तुमची गोष्ट सांगा, धीर येईल.”

हवालदार विचारात पडले. म्हणाले, “सर, पळून जायलेल्या पोरांना पळून आलेल्याची गोष्ट सांगावी म्हणता?”

“तुम्ही घराकडं निघाला होतात!”

“हाव, मंग? ती पोरं कुणीकडं निघालीत?”

सरांनी घोटभर पाणी पिलं. पण तारीख ठरवूनच गेले.

१३ जुलै, रविवार

पहिलं व्याख्यान! हवालदारांनी मिशीला तेल लावलं. मी मागच्या बाकावर. नवीन भर पुढीलप्रमाणे — एक नदी, नदीला पूर, पुरात लांडगा. वाळवंटात नदी! घरी आल्यावर विचारलं, तर म्हणतात, “पावसाळा होता.”

शाल मिळाली, नारळ मिळाला. नारळाची चटणी केली.

१५ जुलै

झालं! हदगावचा एक विद्यार्थी पहिल्या एस.टी.नं पसार. खोलीत चिठ्ठी — ‘हवालदार काकांपासून स्फूर्ती घेऊन निघत आहे. शोध करू नये.’

श्रीनाथ सर हात जोडून दारात. हवालदार रजा टाकून हदगावला गेले.

१६ जुलै

आले. एकटेच! “अन् पोरगा?” मी विचारलं.

“त्याला डॉक्टर व्हायचंच न्हाई. कापसाच्या रानात किती खुशीत होता, बघायला पाहिजे होतंस. बापाला समजावून आलो. जेवायला वरण-बट्टी होती.”

सरांना काय सांगू? “सांग, गडी सुखरूप घरी पोचला.”

१५ ऑगस्ट, शुक्रवार

स्वातंत्र्याची पन्नास वर्षं. क्लासेसचा मोठा कार्यक्रम, मंडप, लाउडस्पीकर. हवालदारांची पाचवी शाल. एव्हाना आमच्या घरात उशांपेक्षा शाली जास्त झाल्यात.

आज रंगात आले होते अगदी. पाचवा दिवस सांगत होते — दिवसा खड्ड्यात लपून राहायचं, अंधार पडला की चालायचं. आणि म्हणाले, “सकाळी गळ्यातलं लिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं. पाणी कुठलं? मग बाभळीच्या पाल्यावरचं दव बोटानं टिपलं आणि तेच वाहिलं.”

मला हसू आवरेना! घरात बुद्धाची तसबीर, रविवारी वंदना, आणि ह्यांच्या गळ्यात लिंग? वाटेत विचारलंच, “तुम्ही लिंगायत कधी झालात हो?”

हसले नाहीत. घरी आले, शाल खाटेवर टाकली. “बँकेत जातो,” म्हणाले. अहो, सुट्टी आहे आज! पण गेलेच.

१७ ऑगस्ट

हवालदारांनी जेवताना ठेचासुद्धा मागितला नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

प्रियाबरोबर तिची क्लासमधली मैत्रीण आली होती, देविका. उदगीरकडची, लिंगायतांची मुलगी, बोलायला गोड. हवालदार चहा पीत होते. तिनं विचारलं, “काका, तुमच्यासंगट गुरुबसप्पा म्हणून कोण होतं का? माझे मोठे चुलते. फौजेत ड्रायव्हर होते. कैदेतच वारले. तार आली होती, एका ओळीची.”

हवालदारांनी कप खाली ठेवला.

ती बोलतच होती. “मी काकूला पत्रात तुमची गोष्ट लिहिली, दवाची. तिनं उलट टपाली लिहिलं की घागर भरायची राहिली की आमचे हे असंच करायचे, परसातल्या पानावरचं दव घ्यायचे. दुसऱ्या कुणाचं असं ऐकलं न्हाई म्हणते. काकूनं विचारलंय—”

“न्हाई,” हवालदार म्हणाले. “मी एकटाच होतो.” आणि उठून आत गेले.

पोरगी कावरीबावरी झाली. मी तिला लाडू दिला. दुसरं काय देणार?

२१ ऑगस्ट

विचारलं. चपला घालून बाहेर गेले.

२२ ऑगस्ट

पुन्हा विचारलं. “डोकं खाऊ नको,” म्हणाले. तेवीस वर्षांच्या संसारात मला असं कधी बोलले नव्हते. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलंय. दोघं पळाले असतील. एकाला टाकून दुसरा आला असेल. देवा, असं नको!

२३ ऑगस्ट, शनिवार

शाळेत शनिवारचे सकाळचे वर्ग शिकवून मी घरी आले, तर हवालदार ओसरीवर शेंगा फोडत बसलेले. बँकेत गेलेच नव्हते. सूप भरलं होतं. मी समोर बसले आणि फोडू लागले.

“सिंधू,” म्हणाले, “मी पळालोच न्हाई.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“पळाला तो गुरुबसप्पा. ट्रकवर आम्ही दोघं होतो, मी अन् तो. धरले दोघं संगंच. पळायचं पण दोघांचं ठरलं होतं. वेळ आली तेव्हा मी म्हणालो, पोट दुखायलंय.”

“दुखत होतं?”

“न्हाई.”

शेंगा तशाच राहिल्या. ते सांगत गेले, हळू, खाली बघून. मंडपातला आवाज नव्हताच तो. गुरुबसप्पा रागावला नाही, त्यानं वाद घातला नाही. “ग्यान्या, माझ्या घोंगड्याखाली कपडे कोंबून ठेव, मोजणीला सकाळपर्यंत कळणार न्हाई” — एवढंच म्हणाला आणि गेला. अकरा दिवस चालला. हद्द चार कोसांवर राहिली असताना धरला. परत आणला तेव्हा अंगात ताप, पाय फाटलेले. आजाऱ्यांच्या खोलीत एकोणीस दिवस पडून होता. हे रोज त्याच्याजवळ बसायचे. तो एकेक दिवस सांगायचा, आणि शाळेतल्या मास्तरसारखा पाठ करून घ्यायचा. “ग्यान्या, चौथा दिवस म्हण बघू.” हे चुकले की हसायचा. तापात हसायचा! “माझं काय झालं तर घरी सगळं सांग. आमची जगदेवी अर्धवट गोष्ट ऐकून घेत न्हाई,” म्हणायचा. विसाव्या दिवशी गेला.

डिसेंबरात कैद्यांची अदलाबदल झाली आणि सगळ्यांना सोडलं. हद्दीवर बँड, हार, लाडू. रेल्वेनं नांदेड, तिथून एस.टी.नं कंधार, ह्यांचं गाव.

“कंधारच्या स्टँडावर हॉटेलात माणसं जमली. मी गुरुबसप्पाचं सांगायला लागलो. त्यांना वाटलं माझंच हाय. एकजण म्हणाला, शाबास रे वाघा, अकरा दिवस! मी न्हाई म्हणायला तोंड उघडलं — तेवढ्यात पुढं चहा आला. कुणीतरी हार घातला. मग तोंड मिटलं ते मिटलंच.”

“आणि तिच्याकडं? जगदेवीकडं?”

“गेलो होतो. त्र्याहत्तरच्या जानेवारीत. उदगीरला उतरलो. तिथून गाव दोन कोस. बाकड्यावर बसलो. तिला काय सांगू? पोट दुखत होतं म्हणून मी जित्ता हाय? त्याच गाडीनं माघारी आलो.”

मला काय सुचलं कुणास ठाऊक. विचारलं, “आणि उंट?”

“उंट खरा हाय. उंट त्यानंच सांगितला. नावपण त्यानंच ठेवलं होतं.” मग म्हणाले, “नदी माझी.”

आणि मला हसू आलं! ते पण हसले, आणि हसता हसता तोंडावर टॉवेल घेतला. बराच वेळ काढला नाही.

मी उठून आत आले. राग आलाय. कुणाचा ते कळत नाही. तेवीस वर्षं मी ह्या गोष्टीत लांडगे मोजत बसले, आणि माणूस माझ्यासमोर बसला होता.

२४ ऑगस्ट

बोलले नाही त्यांच्याशी दिवसभर. ठेचा केला मात्र.

२५ ऑगस्ट, सोमवार

श्रीनाथ सर पुढच्या व्याख्यानाची तारीख विचारायला आले. हवालदार म्हणाले, “आता न्हाई, सर. गोष्टीचा मालक दुसरा हाय. त्याच्या घरी विचारल्याबिगर सांगता येत न्हाई.”

सर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, “बरोबर म्हणतायत ते.”

तीन दिवसांत त्यांच्या बाजूनं निघालेलं पहिलं वाक्य. रात्री जेवताना हवालदारांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२८ ऑगस्ट

रविवारी जायचं ठरलं. देविकानं गावी पत्र टाकलंय. हवालदारांनी न्यायला काहीच घेऊ दिलं नाही — पेढे नको, शाल तर नकोच. दिवसभर ओठ हलत असतात. पहिला दिवस, दुसरा दिवस... पाठ म्हणतायत! परीक्षा प्रियाची आणि घोकंपट्टी बापाची. प्रिया म्हणाली, “पप्पा, घेऊ का मी तुमचं?” तिला अजून काही सांगितलेलं नाही. तरी ‘घे’ म्हणाले, आणि ती पुस्तक मिटून ऐकत बसली. नदी नव्हती. लांडगा नव्हता. उंट होता.

३१ ऑगस्ट, रविवार

जाऊन आलो. जगदेवीअक्कांनी कानडीत ‘बर्री, बर्री’, म्हणजे ‘या, या’, करत घरात घेतलं, घोंगडी अंथरली. हवालदार बसलेच नाहीत. हात जोडून उभे राहिले आणि पोट दुखण्यापासून सुरुवात केली. अकराच्या अकरा दिवस, आणि वरचे एकोणीस. एक शब्द जास्तीचा नाही. फक्त ते चार कोस गाळले, ‘हद्दीजवळ धरला’ एवढंच म्हणाले. हॉटेलातला चहासुद्धा सांगितला. अक्का उंटाला हसल्या. रडल्या नाहीत. सगळं झाल्यावर म्हणाल्या, “एवढंच सांगा. धरायच्या आधी आपल्या मातीला पाय लागला होता का त्यांचा?”

हवालदार खाली बघत राहिले.

“लागला होता, अक्का,” मी म्हणाले. “पहिल्यापासून तसंच सांगितलंय मला ह्यांनी.”