मागच्या सीटवरचा खड्डा

१२ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानेच भरतोस, म्हणून ही बातमी कागदावर. तुझ्या भाचीने गाडी घेतली, आयुष्यातली पहिली! गोल दिव्यांची, दोन दारांची, पिस्ता रंगाची, वयाने माझ्याहून मोठी. चष्म्याच्या दुकानात काचा घासून मिळणाऱ्या पगारात नवी गाडी नुसती बघता आली असती. शिवाय हिचं थोबाड इतकं गोड आहे, की मी पाघळलेच.

गाडी लागणारच होती. टिल्लीला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचं, तर बसच्या गर्दीत ती कानांवर हात दाबून बसते. तिचे बाबा गेल्यापासून पोरीने तोंड उघडलेलं नाही, हे तुला नव्याने सांगायला नको. घशात दोष नाही म्हणतात. मला दुसरं काही नको मामा, एकदा ‘आई’ म्हणून हाक ऐकायची आहे.

गाडी विकणाऱ्या बाई एकट्याच राहतात, पूर्वी शिवणकाम करायच्या. इंजिनाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. घरात लहान मूल आहे का, एवढंच विचारलं. आहे म्हटल्यावर किल्ली हातावर ठेवली. मूल नसलेल्या गिऱ्हाइकांना त्यांनी परत पाठवलं होतं म्हणे. माणसाचं काही सांगता येत नाही.

आता तुझ्या खात्यातलं काम. मागच्या सीटवर, बरोबर माझ्या पाठीमागे, एक छोटा पण चांगला खोल खड्डा पडलाय. बाकी सीट कोरी करकरीत. जन्मभर गाड्यांच्या सीटा भरल्यास, तर उपाय सांग.

मामीला नमस्कार. भाचीवर आहे तो लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी


२० जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मामीने आधी विचारलं, हिला चालवता येते का? मी म्हटलं, लहानपणी सायकल घेऊन शेजाऱ्यांच्या कुंपणात शिरायची, आता सुधारली असेल.

खड्ड्याचं एवढं काय घेऊन बसलीस? कव्हर उसव, आतला फोम उलटा कर, खालची बाजू वर घे आणि परत शिवून टाक. फोम फेकू मात्र नकोस. जुन्या गाड्यांचा फोम आता मिळत नाही. मी कधी कोणाचा फेकला नाही. माझं दुकान याच चिकटपणावर चाललं.

टिल्लीच्या बाबतीत धीर सोडू नकोस. आमचा जीव तुमच्यात अडकलेला असतो, म्हणून वरचेवर लिहीत जा.

तुझा,
मामा


३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसा फोम उलटा केला. सीट सपाट झाली आणि मी तुझ्या नावाने पाठ थोपटून घेतली. काही दिवसांतच खड्डा पुन्हा वर आला, त्याच जागी, तेवढाच. टिल्ली तिथे बसतच नाही. ती पलीकडे, काचेला चिकटून बसते.

आणि मामा, ती बोलते! फक्त गाडीत, हळू आवाजात, पण पुरी वाक्यं. दात हलतोय, शाळेतली खडूची पेटी हरवली, असं सगळं. पहिल्या दिवशी मी गाडी कडेला घेऊन ढसाढसा रडले. फक्त ती माझ्याशी बोलत नाही. खड्ड्याकडे तोंड करून बोलते, थांबते, ऐकते, मग हसते. मी मधे काही विचारलं, की गप्प. खाली उतरली, की पुन्हा ओठ शिवलेले.

तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, मुलं मनातला सवंगडी तयार करतात, चांगलं लक्षण आहे. मला तेवढंच हवं होतं. आता मी काम नसतानाही तिला फिरवते. पण काल ती एका शिलाई मशीनबद्दल आणि लाल बटणांच्या बरणीबद्दल बोलत होती. गाडी विकणाऱ्या बाईंच्या खोलीत मी दोन्ही पाहिली होती. टिल्ली तिथे कधीच गेलेली नाही.

माझ्या अंगावर काटा आला. तरी आवाज ऐकायला मिळतोय, हे काय कमी आहे? लगेच उत्तर पाठव आणि माया असू दे.

तुझी,
ठमी


१० फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

गाडी काढून टाक. मामा म्हातारा झाला म्हणून हसू नकोस, आधी ऐक.

मूल एकाच जागी बसत राहिलं, तर सीटवरचा खड्डा त्याच्याबरोबर वाढतो. कडा पसरतात, कारण मूल वाढतं. गाडीवाल्यांची पोरं केवढी झाली, हे मी सीट उसवून सांगायचो. तुझा खड्डा छोटा आणि खोल. फोम इतका दबायला वर्षानुवर्षं लागतात. मग इतकी वर्षं तिथे जे बसलं, ते वाढलंच नाही.

हे मी मामीला सांगितलेलं नाही. त्या बाईंना जाऊन विचार आणि तोवर टिल्लीला गाडीत बसवू नकोस. तुमच्या काळजीने इथे अन्न गोड लागत नाही.

तुझा,
मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

बाईंकडे जाऊन आले. त्यांना मूल कधीच नव्हतं. त्यांनीही ही गाडी जुनीच घेतली होती, त्यांचीसुद्धा पहिलीच. खूप विचारल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘‘माझ्याच्यानं आता ओ देववत नाही. त्याला कोणीतरी लागतं.’’

तेव्हाच गाडी सोडायला हवी होती. नाही सोडली. टिल्लीचा आवाज सोडवेना.

आज तिला शाळेत सोडून मी एकटीच दुकानाकडे निघाले होते. मागून स्पष्ट हाक आली, ‘आई’. विचार करायच्या आत मी ओ दिली. मामा, ते उत्तर कधीपासून माझ्या ओठांवर तयारच होतं. आरशात पाहिलं तर सीट रिकामी. दुकानात घासायला घेतलेली काच वाया गेली.

दुपारी शाळेच्या फाटकापाशी गाडी लावली, दार उघडलं, पुढची सीट वाकवली. टिल्लीने आत डोकावलं आणि ती मागे सरली. मग माझ्याकडे बघून, भर रस्त्यात, ती म्हणाली, ‘‘आई, मला जागाच नाही.’’

आनंदाने रडू की भीतीने ओरडू, कळेना. मी तिचा हात धरला आणि चालू लागले. दार तसंच उघडं, किल्ली आतच. मागून ‘आई, आई’ अशा हाका येत होत्या, आणि माझी टिल्ली ओठ मिटून माझ्या शेजारून चालत होती. मी ओ दिली नाही, वळून पाहिलं नाही. तेही कोणाचं तरी लेकरूच असेल.

रस्त्याच्या वळणापर्यंत हाका ऐकू येत होत्या. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

खिडक्या लावून घेतल्या आहेत. तू येशील तेव्हा दाराबाहेरून आधी तुझं नाव सांग, नुसत्या हाकेला मी दार उघडणार नाही. टिल्ली माझ्याजवळ आहे. तुला नमस्कार सांगते आहे, स्वतःच्या तोंडाने. आम्हा दोघींवर माया राहू दे.

तुझी,
ठमी